कोंड्याची किंमत कोणाची ?

गव्हाचा कोंडा म्हणजे दुभत्या म्हशीचें खाद्य, ही आपल्याकडील समजूत मुळींच चुकीची नाहीं. परंतु ह्याच कोंड्यावर बुरशी वाढवून एका जपानी रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंत औषधाचा मोठा धंदा उभा केला, ही हकीकत आमच्या शेतकरी वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. कारण ती जितकी शास्त्राची आहे तितकीच व्यापाराचीहि आहे.

जोकिची ताकामिने ह्यांचा जन्म १८५४ सालीं झाला. वडील वैद्य, आणि आईचें घराणें तांदळाची साके नांवाची दारू करणारांचें. न्यू ऑर्लीन्स येथील १८८४ सालच्या कापूस-प्रदर्शनांत त्यांनीं स्फुरदयुक्त दगड पाहिला, आणि १८८७ सालीं तोक्यो येथें सुपरफॉस्फेट खताची कंपनी काढण्यांत पुढाकार घेतला. म्हणजे शेतकऱ्याशीं त्यांचा संबंध प्रथम खतानेंच जडला.

धान्यांतील पिठूळ अंशाची साखर झाल्यावांचून त्याची दारू होत नाहीं. पाश्चात्य देशांत हें काम मोड आणलेल्या जवाकडून, म्हणजे माल्टाकडून, करून घेतात. जवास मोड आले कीं त्यांत डायास्टेज नांवाचें एन्झाइम तयार होतें. तें स्वतः खर्ची न पडतां पिठाची साखर करीत राहतें. जपानांत हेंच काम वाफविलेल्या तांदळावर वाढविलेली कोजी बुरशी शेंकडों वर्षें करीत आली आहे. ताकामिने ह्यांची खरी हुशारी अशी कीं, त्यांनीं तांदळाच्या जागीं गिरणींतून निघणारा गव्हाचा कोंडा घेतला. माल्टास उत्तम जव लागतो व कित्येक दिवस लागतात. कोजी सुमारें दोन दिवसांत तयार होते.

१८९० सालीं ते अमेरिकेस गेले, व इलिनॉय प्रांतांत पिओरिया येथें व्हिस्कीसाठीं हा प्रयोग सुरू झाला. माल्टवाल्यांनीं विरोध केला. पुढें तेथील काम आगींत सांपडलें. आग लागली कीं लावली, ह्याचा निकाल लागला नाहीं. माल्टवाल्यांच्या विरोधाचें आम्हांस नवल वाटत नाहीं. जव ज्यांच्या पोटाचा धंदा, त्यांना कोंड्याची बातमी गोड कशी लागावी ?

व्हिस्की राहिली बाजूस, परंतु एन्झाइम हातीं लागलें. कोंड्यावरील बुरशीचा पाण्यांत अर्क काढून त्यांत मद्यार्क घातला कीं एन्झाइम सांक्याच्या रूपानें खालीं बसतें. तें वाळविलें कीं भुकटी होते. ह्या कृतीचें पेटंट त्यांना १८९४ सालीं मिळालें, आणि पार्क-डेव्हिस कंपनीनें ती भुकटी ‘टाका-डायास्टेज’ ह्या नांवानें अपचनावर विकली. एन्झाइम हें प्रथिन असतें असें सम्नर ह्यांनीं दाखविलें तें १९२६ सालीं. तोंवर माल तीस वर्षें बाजारांत खपत होता! १९०१ सालचें त्यांचें ॲड्रिनॅलिनवरील काम अधिक प्रसिद्ध आहे. पण तो विषय आमचा नव्हे. १९२२ सालीं ते न्यूयॉर्क येथें वारले.

आतां प्रश्न असा कीं, ह्या कोंड्याची किंमत कोणाची ? कोणी म्हणेल कीं किंमत विद्येची आहे, कोंड्याची नाहीं. हें बऱ्याच अंशीं खरें. पेटंट कृतीचें असतें, गव्हाचें नव्हे. आणि ज्यानें जोखीम घेतली त्यानें नफा घ्यावा हें आम्हांस मान्य आहे. परंतु जेथें कारखानाच शेतकऱ्यांच्या भांडवलाचा आहे, तेथें हें उत्तर पुरें पडत नाहीं. आपल्या सहकारी साखर-कारखान्यांतील मळीवर यीस्ट हेंच बुरशीचें भावंड आपल्या एन्झाइमांनीं साखरेचा मद्यार्क करतें. तेथें जोखीम सभासदाची, ऊस सभासदाचा. मग मळीच्या उत्पन्नाची चौकशी त्यानें कां करूं नये? रंगराजन समितीनें २०१२ सालीं शिफारस केली कीं, साखर व मळी, चिपाडें इत्यादि उपपदार्थ ह्यांच्या एकंदर मूल्यापैकीं शेंकडा ७० अगर नुसत्या साखरेच्या मूल्यापैकीं शेंकडा ७५ ऊसवाल्यास मिळावे. उपपदार्थांचा हिशेब नीट मांडला गेला नाहीं, तर पहिल्या आंकड्याला अर्थ काय उरणार ? आमची सूचना एवढीच कीं, सभासदांनीं वार्षिक सभेपूर्वीं लेखी प्रश्न द्यावा : मळी किती निघाली, किती विकली, किती गाळली, आणि मद्यार्काचे किती आले.