बुधवार सकाळचं ‘सर्व्हर डाऊन’: दोष अपडेटचा की आपल्या कार्यालयांचा?

सेतू केंद्राच्या खिडकीपुढे पंधरा-वीस जण उभे असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमीलेअर, कुणाला अधिवास प्रमाणपत्र. आतून उत्तर येतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.’ जळगाव असो की धुळे, शिरपूर असो की चोपडा, जूनमधल्या प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि समोरचा संगणक धापा टाकत असतो.

ओळखायचं कसं? सोपं आहे. त्याच संगणकावर नोटपॅड उघडून पाहावं. नोटपॅडला इंटरनेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही. तेवढी साधी पाटी उघडायलाही अर्धा मिनिट लागत असेल, तर दुखणं मुंबईच्या सर्व्हरमध्ये नाही, टेबलाखालच्या डब्यात आहे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘डिस्क’ या रकान्याकडे बघावं. तिथे शंभर टक्के दिसत असेल आणि यादीत वर ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ किंवा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस’ असं काही असेल, तर अपडेट चालू आहे किंवा त्यानंतरची साफसफाई आणि तपासणी चालू आहे, असं समजावं.

हे नेमकं बुधवारीच का जाणवतं, यालाही कारण आहे. मायक्रोसॉफ्ट विंडोजचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. अमेरिकेत सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्या वेळी आपली कार्यालयं कुलूपबंद असतात आणि जाताना शिपायाने मेन स्विचही पाडलेला असतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात आणि विजेच्या चढउतारात ही सवय चुकीची म्हणता येणार नाही. पण परिणाम असा होतो, की रात्री व्हायचं काम सकाळी साहेब, लिपिक आणि रांगेतले लोक समोर असताना सुरू होतं. सहा संगणक असतील तर सहाही जण एकाच ब्रॉडबँडवरून तीच मोठी फाइल एकाच वेळी ओढायला लागतात.

व्यापारी पेढ्यांच्या दृष्टीने यात आणखी एक मेख आहे. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत असते ११ तारखेची. २०२५ मध्ये फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर या तिन्ही महिन्यांत दुसरा मंगळवार बरोबर ११ तारखेला आला. जूनमध्ये तो १० तारखेला होता, म्हणजे ११ च्या सकाळी अपडेट आणि विवरण एकाच संगणकावर एकमेकांसमोर. मुदत चुकली तर विलंब शुल्क रोज ५० रुपये आणि निरंक विवरणाला २० रुपये. रक्कम फार मोठी नाही. पण जळगावच्या डाळ मिलपासून धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या लहान कारखान्यापर्यंत हिशेब सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि बोल त्यालाच लागतो.

चकती किती धावणार?

अपडेटला शिव्या देण्याआधी ते आत काय करतं हे पाहिलं पाहिजे. आधी ते संगणकात काय आहे आणि काय नाही याची मोजदाद करतं. मग फाइल उतरवतं, हजारो लहान लहान तुकडे सोडवतं, जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवतं आणि काही बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून जुन्या प्रतीही जपून ठेवतं. हे तुकडे डिस्कवर वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतात.

आपल्या बऱ्याच कार्यालयांत आजही फिरत्या चकतीची हार्डडिस्क आहे. तिच्यातली सुई ग्रामोफोनसारखी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते आणि सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळाच अशी उडी मारू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती अशा हजारो मागण्या एका सेकंदात पुरवते. म्हणून एकच अपडेट एका संगणकावर कुणाला कळतही नाही आणि शेजारच्या संगणकाला दुपारपर्यंत आडवं पाडतं. त्यात रॅम चार जीबी असेल तर जागा अपुरी पडते, विंडोज पुन्हा डिस्ककडेच धाव घेते आणि दुष्काळात तेरावा महिना.

आणि धूळ. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंख्यात वर्षभराची धूळ बसलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. हे बघायला इंजिनिअर लागत नाही, डबा उघडून ब्लोअर मारला तरी फरक दिसतो. पण ते काम कुणाच्याच नावावर नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. मंद झालेल्या दहा कार्यालयीन संगणकांपैकी बहुतेकांना नवा संगणक नको, एसएसडी आणि थोडी जादा रॅम हवी. नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा भागात हे होतं. तरीही कार्यालयांत खरेदीचे प्रस्ताव जातात ते नव्या संगणकांचेच, कारण सुट्या भागांच्या खर्चाला शीर्ष सापडत नाही, असं उत्तर मिळतं.

‘बंद करून टाकतो’ म्हणणारा दुरुस्तीवाला

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचा ठरलेला उपाय म्हणजे अपडेटच बंद करणे. तक्रार थांबते, तोही खूश, आपणही खूश. (काही दिवसांनी विंडोज ती बंद केलेली सेवा स्वतःच चालू करते, तेव्हा तो पुन्हा येतो, हा भाग वेगळा.)

हा उपाय किती महाग पडू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विषाणू जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यात कोसळले आणि तिच्या समूहाकडे असलेलं उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. रावेर-सावदा पट्ट्यातली निर्यातीची केळी ज्या बंदरातून जातात, ते हेच. हा विषाणू जाळ्यातल्या एका संगणकातून दुसऱ्यात शिरण्यासाठी विंडोजमधली जी फट वापरत होता, ती बुजवणारा अपडेट मार्च २०१७ मध्येच आला होता. त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’नेही मे महिन्यात जगभर धुमाकूळ घातला होता.

पण दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. नॉटपेट्याची पहिली लागण युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती, तो अपडेटच हल्लेखोरांनी विषारी केला होता. २०२१ मध्ये छपाईच्या यंत्रणेतली फट बुजवणारे अपडेट आले आणि अनेक ठिकाणी जाळ्यावरचे सामाईक प्रिंटर रुसले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा अपडेट आला रे आला की सगळ्या संगणकांवर एकदम चढवा, असं म्हणणं शहाणपणाचं नाही. माझा आग्रह एवढाच, की थांबायचं ते काही दिवस, कायमचं नाही.

त्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘पॉज’चं बटण असतं, आठवड्या-आठवड्याने पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ज्या संगणकावरून विवरण भरायचं, त्यावर ७ तारखेलाच एक आठवड्याचा पॉज द्यावा आणि विवरण भरून झालं की उठवावा. बाकीच्यांपैकी दोन संगणकांना बुधवारी अपडेट होऊ द्यावं. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल नीट चालतंय का ते पाहावं आणि मग गुरुवारी-शुक्रवारी उरलेले घ्यावेत. ‘अॅक्टिव्ह अवर्स’ कार्यालयाच्या वेळेप्रमाणे लावले की भर कामात संगणक आपोआप रिस्टार्ट होत नाही. शासकीय कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, ती पूर्ण मावेल असे पूर्ण तास तिथे निवडावेत. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये स्थानिक जाळ्यातल्या संगणकांकडून घेण्याची मुभा दिली, की एकाने उतरवलेली फाइल बाकीच्यांना आतल्या आतच मिळू शकते आणि ब्रॉडबँड मोकळा राहतो.

संध्याकाळी ‘अपडेट अँड शट डाउन’ निवडून संगणक पूर्ण बंद होईपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही, हे मात्र शिपायाला नीट समजावून सांगायला हवं. अर्ध्या अपडेटमध्ये वीज गेली तर दुसऱ्या दिवशी संगणक चालू होईलच असं नाही. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर आधी ती बदलावी. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर अपडेट पुन्हा पुन्हा फसतो आणि पुन्हा पुन्हा सुरू होतो. लग्नाचे व्हिडिओ कार्यालयाच्या संगणकात का असतात, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

शाळांचं वेगळंच. उन्हाळ्याच्या सुटीत दीड-दोन महिने बंद असलेले संगणक जूनमध्ये एकदम उघडले जातात आणि त्याच आठवड्यात प्रवेश, शाळा सोडल्याचे दाखले, ऑनलाइन माहिती भरणं सुरू होतं. शाळा उघडायच्या चार दिवस आधी एकाने येऊन संगणक चालू करून ठेवले, तरी हा ताण बराच हलका होईल.

आता मुख्य अडचण. हे सगळं करणार कोण? बहुतेक कार्यालयांचा वार्षिक देखभाल करार असतो. त्यात बिघाड झाल्यावर येण्याची अट असते, पण महिन्यातून एकदा अपडेट, जागा, धूळ आणि बॅटरी तपासण्याची अट क्वचितच दिसते. मग अपडेटचं ओझं एमएस-सीआयटी झालेल्या लिपिकावर पडतं. त्याच्याकडे अॅडमिनचा पासवर्डही नसतो, आणि रांगेतल्या माणसाची बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात. पुढच्या करारात दुसऱ्या बुधवारची भेट लिहून घ्यावी आणि केलेल्या कामाची नोंदवही ठेवावी, देयक त्या नोंदीवर मंजूर करावं.

हा करार यंदाच बदलायला हवा, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यावरचे संगणक चालतात, उलट आता अपडेट येत नाहीत म्हणून काहींना ते जास्त चपळही वाटतात. पण नवी फट सापडली तर ती बुजवायला कुणी येणार नाही, विस्तारित सुरक्षा अपडेट घेतले असतील तरच, आणि कार्यालयांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपल्या कार्यालयांतले कितीतरी संगणक त्यात बसत नाहीत. त्यामुळे एसएसडी कोणत्या संगणकात टाकायची आणि कोणता मोडीत काढायचा, ही यादी आधी करावी. ज्यावर फक्त ब्राउझर आणि टंकलेखन चालतं, त्यावर लिनक्स टाकून पाहायलाही हरकत नाही. केरळच्या शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालल्या आहेत. डिजिटल स्वाक्षरी आणि बायोमेट्रिकचे संगणक मात्र तसे बदलण्याआधी त्यांची उपकरणं तिथे चालतात का, ते एका संगणकावर तपासून घ्यावं.