बसा, मी आणते

मंडळी, यंदाच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मी चहाचा कप न सांडता उचलला, तेव्हा निदान दहा जणांनी अभिनंदन केलं. "काका, अगदी बरे झालात!" तो आनंद खोटा नव्हता, पण निदान चुकलं.

माझ्या मेंदूत दोन बारीक तारा आहेत आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीआड बॅटरी. डीप ब्रेन स्टिम्युलेशन. ग्रेनोबलचे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली हा मार्ग दाखवला. अमेरिकेत २००२ साली पार्किन्सन्ससाठी त्याला व्यापक मान्यता मिळाली. कंप, ताठरपणा, संथपणा यांवर त्याचा छान उपयोग होतो. तोल, पाय जमिनीला चिकटणं, पुसट बोलणं यांवर मात्र फारसा नाही. काहींचं बोलणं तर आणखी अस्पष्ट होतं. आजार आपल्या गतीने पुढे जातच राहतो. हातपाय मोकळे झाले की माणूस उत्साहाने भर्रकन उठतो, तोल मात्र जुनाच. मी असाच एकदा स्वयंपाकघरात पडलो.

म्हणून खरं काम शस्त्रक्रियेनंतर सुरू होतं. मोठ्या हालचालींचा एक व्यायामक्रम आहे, एलएसव्हीटी बिग: चार आठवडे, आठवड्याला चार दिवस, रोज एक तास. दारात पाय अडकतो तिथे मी जमिनीवर रंगीत टेपच्या पट्ट्या लावल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. ठेकाही मदत करतो. थेरपिस्ट मेट्रोनोम लावते, मी मनातल्या मनात शाळेतली लेझीम. (तिला अजून सांगितलेलं नाही.)

थेरपिस्ट निवडताना एक गोष्ट विसरू नका. खांदा दुखतो म्हणून एका ठिकाणी मला खोलवर शेक देणारं डायाथर्मीचं यंत्र लावायला निघाले होते. तारा असलेल्या माणसाला ते कधीच चालत नाही. उष्णता तारांवाटे मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकते. मी खिशातलं कार्ड दाखवलं. तुमचंही खिशात असू द्या.

आणखी एका ठिकाणी सांगितलं, "प्रगती थांबली, आता मेडिकेअर पैसे देणार नाही." हे चूक आहे. २०१३च्या जिमो खटल्यातील तडजोडीने स्पष्ट झालं की सुधारणा होईल का, हा निकष नाही. आहे ती स्थिती टिकवायला किंवा घसरण मंदावायला तज्ज्ञाची गरज आहे का, हा आहे. मुलांनो, आईबाबांच्या वतीने हे तुम्ही फोनवर ठणकावून सांगा. आम्हाला संकोच वाटतो.

आणि आता थोडं घरचं. आपल्याकडे म्हातारा माणूस उठू लागला की चार जण धावतात: "बसा, मी आणते." सुनेचं प्रेम मला कळतं. पण त्या पाण्याच्या भांड्यापर्यंतची बारा पावलं हाच माझा व्यायाम होता, आणि तो तिने केला. पडू नये म्हणून शेजारी उभी राहा, भांडं मला आणू दे.

शनिवारी मराठी शाळा भरते तेव्हा आम्ही आजी-आजोबा बाहेर गाडीत बसून असतो. हॉलची मागची खोली रिकामी असते. पार्किन्सन्स असो वा नसो, तासभर तिथे चालू, वळू, मोठ्याने बोलू. समितीने फक्त किल्ली द्यावी. टेप मी आणतो.