चव हंडीत, धूर छातीत

पुण्यातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडले, की अर्ध्या तासात ‘चुलीवरची’ ही पाटी दिसतेच. चुलीवरची मिसळ, चुलीवरचे मटण, चुलीवरची भाकरी. आता तर चुलीवरचा चहासुद्धा. सिंहगडावर पिठले-भाकरी आणि वांग्याचे भरीत खाल्ल्याशिवाय गड चढल्याचे समाधान मिळत नाही. थंडीत हुरड्याच्या आगटीभोवती बसण्यासाठी माणसे पन्नास-साठ किलोमीटर गाडी हाकतात. धुरकट, किंचित गोडसर, मंद आचेवर शिजलेल्या भाजीची ही ओढ खरी आहे आणि तिच्यात गैर काहीच नाही. पण त्या चवीतला किती भाग चुलीमुळे येतो आणि चुलीपाशी बसलेली बाई त्यासाठी काय मोजते, हा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला तर बराचसा धूर वायाच जातो, असे दिसते.

लाकूड जळताना त्यातले लिग्निन फुटते आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारखी वासाची द्रव्ये हवेत येतात. आपण ज्याला ‘धुरकट’ म्हणतो तो वास मुख्यतः यांचा. ही द्रव्ये पदार्थाच्या उघड्या, ओलसर पृष्ठभागावर बसतात. म्हणून निखाऱ्यावर फुगवलेली भाकरी, भाजलेले कणीस, जाळावर धरलेले वांगे यांना चुलीची चव येते. झाकण घातलेल्या हंडीतल्या रश्श्यात मात्र धूर शिरणार कुठून? तो हंडीच्या बाहेरून वर जातो. ‘चुलीवरच्या’ मटणाची चव प्रामुख्याने ताज्या वाटणाची, जाड बुडाच्या भांड्याची आणि तासभर मंद शिजण्याची असते. (तासभर गाडी चालवून आलेल्या भुकेचाही तिच्यात वाटा असतो.)

वांग्याची गोष्ट आणखी गमतीची. घरच्या गॅसच्या निळ्या ज्योतीत धूर जवळजवळ नसतो, तरीही गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीत धुरकट लागते. कारण इथे सरपणाचे काम वांग्याची सालच करते. साल करपते, तिच्यातून निघालेली वासाची द्रव्ये आतल्या मऊ, पाणीदार गरात मुरतात. वांगे स्वतःचा धूर स्वतःच तयार करते. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरिताला वेगळा, दाट वास असतो, हे मान्यच करायला हवे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगीच नाही. पण सदाशिव पेठेतल्या किंवा वाकडच्या स्वयंपाकघरात भरितासाठी गॅसची एक शेगडी आणि उघडी खिडकी पुरते.

यावर हमखास येणारा आक्षेप कर्करोगाचा. करपलेल्या, धुरावलेल्या अन्नात बेन्झो-ए-पायरिनसारखी संयुगे असतात आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झो-ए-पायरिनला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हे खरे आहे. मात्र भाजलेल्या अन्नात ही संयुगे सर्वाधिक तयार होतात ती मांसातली चरबी विस्तवावर ठिबकते तेव्हा. त्या ठिबकण्यातून उठणारा धूर मांसावरच येऊन बसतो. वांग्यात ठिबकायला चरबी नाही, आणि त्याची करपलेली साल आपण काढूनच टाकतो. आठवड्यातून एकदा भरीत खाणाऱ्याने घाबरून जाण्यासारखे त्यात काही नाही. साल नीट काढावी, काळे कण राहिले तर बोटांनी वेचावेत, पण वांगे नळाखाली धुऊ नये. चव तिथेच वाहून जाते.

बाटलीतल्या धुराबद्दल मात्र सावध राहायला हवे. पाश्चात्त्य पाककृतींत मंद शिजवलेल्या भाज्यांना धुरकट चव देण्यासाठी द्रवरूप धुराचे दोन थेंब सांगितलेले असतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा आठ धूर-स्वादांची तपासणी केली. त्यांपैकी एकाच्याही बाबतीत जनुकांना इजा होण्याची शंका फेटाळता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण नाकारले. घरी चांगले वांगे असताना ती बाटली विकत घेण्याचे कारण उरत नाही.

हे झाले धुराचे. गोडव्याचे शास्त्र वेगळे आहे, आणि ते जास्त रंजक आहे. आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आधी मार्केट यार्डात करमाळा, कराड, बेळगावकडून रताळ्यांची पोती येतात. त्यातलेच एक रताळे कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत उकडले आणि दुसरे तासभर मंद आचेवर शिजवले, तर दुसरे लक्षात येण्याइतके गोड लागते. साखर बाहेरून आलेली नसते. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचे विकर असते. साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे रताळ्यातला स्टार्च फुगून मोकळा होऊ लागतो आणि हे विकर त्याचे तुकडे करून माल्टोज ही साखर बनवते. तापमान ८० अंशांच्या आसपास गेले की विकर निकामी होते. म्हणजे गोडवा तयार होण्याची संधी या मधल्या पट्ट्यातच मिळते. प्रेशर कुकर हा पट्टा काही मिनिटांत ओलांडून १२० अंशांपर्यंत पोहोचतो. मायक्रोवेव्ह त्याहून घाईत. मंद आच त्या पट्ट्यात रेंगाळते.

रायगडकडची पोपटी हे याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि मीठ भरायचे, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. भाज्या स्वतःच्याच वाफेवर शिजतात. मडके सावकाश तापते, पाल्याचा वास आत मुरतो आणि रताळे मधासारखे होते.

इथे मधुमेहींनी मात्र थांबून वाचावे. ‘साखर घातलेली नाही, रताळे तंतुमय आहे, म्हणून चालते’ हे वाक्य उपवासाच्या दिवशी घराघरात ऐकू येते. जमैकात दहा जातींच्या रताळ्यांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक पन्नासच्या आत राहिला. तीच रताळी भट्टीत भाजल्यावर तो ८० ते ९५च्या घरात गेला. आपल्याकडच्या जातींचे आकडे हुबेहूब तेच असतील असे नाही, पण दिशा तीच राहणार. जिभेला गोड लागते ते रक्तालाही कळते. ज्यांच्या घरी साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मंद भाजलेले रताळे ताटभर न घेता दोन-तीन फोडी घ्याव्यात, सोबत दही किंवा दाण्याचे कूट असावे, आणि उरलेली भूक दुसऱ्या भाजीने भागवावी.

आता त्या बाईकडे येऊ. २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांचा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता कधीही विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना होणारा सीओपीडी हा श्वसनविकार. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, हे त्यांनी दाखवून दिले. आणि जगाच्या हिशेबात या आजाराचे सर्वांत मोठे कारण कदाचित चूलच असेल, असे मांडले. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरात जाळलेल्या लाकडाच्या धुराला कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आहे. भरिताच्या ताटावर जी भीती व्यक्त होते, ती खरे तर इथे व्हायला हवी.

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, ती बाईची चुलीपासून सुटका करण्यासाठी. आणि शहर त्याच बाईला रोजगार देऊन पुन्हा चुलीपुढे बसवते, तेही दिवसाचे आठ-दहा तास. घरी ती दोन वेळचा स्वयंपाक करून उठली असती. खाणारा महिन्यातून एकदा येतो, झाडाखाली बसतो, फोटो काढतो आणि निघून जातो. पत्र्याच्या शेडमध्ये धूर तिच्या वाट्याला उरतो. परंपरा म्हणून याचे कौतुक करणे फार सोपे आहे. हंडीतला रस्सा गॅसच्या मंद आचेवर शिजवला तरी चवीत फार फरक पडत नाही. ज्या भाकरीला, वांग्याला, कणसाला खरोखर जाळ लागतो, त्यांच्यासाठी धुराडे असलेली चूल बांधता येते. तिचा खर्च हॉटेलच्या पाटीपेक्षा जास्त नसावा. धुराड्याविना चूल चालवणाऱ्या ठिकाणी गिऱ्हाइकाने तसे तोंडावर विचारायला काय हरकत आहे? पुणेकर चहात साखर कमी पडली तरी विचारतो.

मंद आच आणि कमी धूर यांचा मेळ घालण्याचा उद्योग जुना आहे. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१०च्या सुमारास इकमिक कुकर बनवला. खाली थोडा कोळसा, वर एकावर एक डबे. पेटवून निघून जायचे, परत येईपर्यंत जेवण तयार. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी २००२चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. त्याच कोळशाच्या कांड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर साधारण शंभर ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी शिजवतो. लाकडातली धूर करणारी द्रव्ये कोळसा बनतानाच निघून गेलेली असतात, म्हणून तो स्वच्छ जळतो. पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच, आणि त्याला ना वास ना रंग. कोळशाची शेगडी किंवा सराई गॅलरीत, उघड्यावर ठेवावी; बंद खोलीत कधीही नाही. डाळीला ‘धुंगार’ देण्यासाठी निखाऱ्यावर तूप सोडतात, तेही खिडकी उघडी ठेवून. तिथला वास कोळशाचा नसतो, जळत्या तुपाचा असतो.

विजेचा स्लो कुकर हा याच घराण्यातला. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला आणि माळ्यावर पडून असलेला असा एखादा कुकर पुण्यातल्या बऱ्याच घरांत निघेल. तो नसेल तर जाड तव्यावर जाड बुडाचे पातेले आणि घट्ट झाकण एवढ्यावर भागते. अर्धा किलो रताळ्याच्या मोठ्या फोडी, तेवढाच लाल भोपळा, दोन कांदे चिरून, सोललेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, दोन चमचे तेल आणि मीठ हे सगळे थंड भांड्यातच एकत्र करावे आणि मग आच लावावी. गरम तेलात फोडणी करून भाजी टाकली तर विकराचा वेळ हातचा जातो. आच अगदी बारीक ठेवून तासभर, स्लो कुकर असेल तर मंद खुणेवर चार ते पाच तास. तोवर एक मोठे भरिताचे वांगे गॅसवर भाजून, सोलून, ठेचून ठेवावे आणि भाजी मऊ झाली की त्यात कालवावे. वर लिंबू, हिरवी मिरची भाजून वाटलेली, मूठभर दाण्याचे कूट. गूळ घालू नये. गोडवा रताळ्याचा आणि कांद्याचा, धूर वांग्याचा. भाजी कुठेच १२० अंशांपर्यंत तापत नाही, त्यामुळे तळलेल्या काचऱ्यांत तयार होणारे अ‍ॅक्रिलामाइडही या भांड्यात जवळजवळ नसते.

याच कुकरात राजमा मात्र कच्चा टाकू नये. राजम्यातले फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन नष्ट व्हायला पाण्याला खळखळून उकळी यावी लागते. स्लो कुकरच्या ८० अंशांच्या कोमट शिजण्यात ते उलट अधिक त्रासदायक ठरू शकते, आणि चार-पाच अर्धकच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात अर्धा तास उकळावा आणि मग हवे तर मंद आचेवर सोडावा. नाहीतर सरळ प्रेशर कुकर लावावा. त्याच्या घाईचा इथे फायदाच आहे.