रोगांची नावे नकोत, रोगांच्या वाटा शिकवा

आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात ‘आरोग्य व रोग’ असा पाठ आहे. त्यात तक्ता आहे. रोगाचे नाव, तो कशामुळे होतो, कशातून पसरतो, लक्षणे, उपाय. मुले तो परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात, जोड्या लावतात आणि गुण मिळवतात. त्याच मुलांना विचारून पाहा : डेंगीचा डास पाण्यात वाढतो, तर पिंप नुसते उपडे करून का भागत नाही, घासायला का सांगतात? क्षयरोग झालेल्या काकूचे ताट-वाटी वेगळी ठेवून काय साधते? तक्ता तोंडपाठ असलेला मुलगाही इथे अडतो, कारण त्याला रोगांची नावे शिकवली गेली, रोग माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो हे शिकवले गेले नाही.

संसर्गजन्य रोगांच्या शिक्षणाचा गाभा ‘प्रसार’ हाच असला पाहिजे आणि तो प्रत्येक मुलाने करून, मोजून, तपासून शिकला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या मताविरुद्ध नेहमी घेतले जाणारे आक्षेप बिनबुडाचे नाहीत, म्हणून ते आधी पाहू.

पहिला आक्षेप : हे सगळे अभ्यासक्रमात आहेच, आणखी काय हवे? आहे, हे खरे. पण माहिती असणे आणि त्या माहितीने वागणूक ठरणे यांत अंतर आहे. पुन्हा डेंगीच घ्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, ही सूचना गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली आहे. तिच्यामागची कारणे किती जणांना माहीत असतात? एडिस इजिप्ती डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. पाणी ओतून दिले तरी अंडी तिथेच राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून भांडे घासायचे आणि म्हणून आठवड्यातून एकदा. एवढे कळलेला मुलगा फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आणि गच्चीवरचा जुना टायर स्वतःहून शोधतो. कारण न सांगता दिलेला नियम मात्र पाऊस ओसरला की विसरला जातो.

दुसरा आक्षेप पालकांचा : मुले घाबरतील, कोवळ्या वयात रोगराईचे विषय नकोत. मुलांविषयीच्या मायेतून येणारा हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मुले रोगांबद्दल आजही ऐकतच असतात, फक्त ते शाळेत नव्हे तर मोबाइलवर आलेल्या निरोपांतून. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा घराघरात एकच प्रश्न होता : हा रोग एकमेकांना लागतो का? जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही. पोटाचा किंवा दुसरा एखादा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, तेव्हा तो होतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. ज्याला ही साखळी समजली त्याने पाणी उकळले. ज्याला समजली नाही तो शेजाऱ्याला टाळू लागला. भीती दोघांनाही होती, पण एकाची भीती कामाला लागली आणि दुसऱ्याची माणसावर निघाली. करोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णालयातून थकून घरी परतणाऱ्या परिचारिकांना काही सोसायट्यांनी घर सोडायला सांगितले. तसे सांगणारे शिकलेले होते आणि कधीकाळी हाच तक्ता त्यांनीही पाठ केलेला होता.

तिसरा आक्षेप : साथ आवरणे हे सरकारचे आणि आरोग्य खात्याचे काम आहे, मुलांच्या हातात काय आहे? याचे उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढच्या वर्षी साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचा अंमल सुरू झाला. शिपाई घरात शिरले, सामान बाहेर काढून जाळले, माणसांना छावण्यांत नेले. लोकांना यातले फारसे समजावून सांगितलेले नव्हते. मुळात सांगण्याजोगे पुरते ज्ञान अधिकाऱ्यांकडेही नव्हते, कारण उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते 1898 मध्ये. त्यांचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे आणि परळच्या प्रयोगशाळेतले प्रयोग लागले. तोवर रोगी लपवले जात होते, अफवा पिकत होत्या, आणि 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हुकुमाने साथ आटोक्यात येते, असे मानणाऱ्याने हे प्रकरण नीट वाचावे. करोनाच्या वेळीही आपल्याला त्याच 1897 च्या कायद्याचा आधार घ्यावा लागला आणि आरोग्यसेवकांवरचे हल्ले थांबवण्यासाठी 2020 मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कायदा हवाच, पण ज्या समाजाला साथीची वाट ठाऊक नाही तिथे कायद्याचा अर्धा जोर लोकांशी भांडण्यात खर्च होतो.

चौथा आक्षेप अभिमानाचा आहे : आपल्या परंपरेत हे सगळे होतेच, सोवळेओवळे म्हणजे पूर्वजांचे जंतुशास्त्र. बाहेरून आल्यावर पाय धुणे, ताजे जेवणे, पाणी गाळून पिणे या सवयी चांगल्याच आहेत. पण सोवळे जात पाहत होते, जंतू पाहत नव्हते. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू एका तळ्याच्या पाण्यात शोधले. त्या तळ्यात लोक आंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पाणी पवित्र आहे की नाही, याच्याशी त्या जंतूंना देणेघेणे नव्हते. स्वच्छतेच्या नावाखाली ज्यांना विहिरीपासून दूर ठेवले गेले, त्यांच्यावर झालेल्या अन्यायाला जंतुशास्त्राचा आधार देणे हे विज्ञानही नव्हे आणि परंपरेचा सन्मानही नव्हे. परंपरेतले घ्यायचेच असेल तर निरीक्षण घ्यावे. प्लेगच्या दिवसांत घरात उंदीर मरून पडू लागले की खेड्यांतले लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालत. पिसूचे नाव त्यांना माहीत नव्हते, पण उंदीर पडणे आणि माणसे मरणे यांचा संबंध त्यांच्या नजरेने टिपला होता. मुलांना हीच नजर द्यायची आहे.

पाचवा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, तो लाजेचा आहे. एचआयव्हीची गोष्ट निघाली की पुस्तक पटकन मिटले जाते. 2007 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच रोखला होता. या मौनाची किंमत लाजणाऱ्या मोठ्यांनी मोजली नाही, ती मुलांनी मोजली. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला, एवढ्याच एचआयव्हीच्या वाटा आहेत. शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही. हे दुसरे वाक्य सांगायचे तर पहिलेही सांगावे लागते. पहिले टाळले की दुसरे पोहोचत नाही, आणि एचआयव्ही असलेल्या मुलाशेजारच्या बाकावर कोणी बसत नाही.

आता काय करावे, ते सांगतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही, एक तास लागतो.

वर्गात बत्तीस मुले असतील तर बत्तीस पेले घ्या. एकतीस पेल्यांत साधे पाणी आणि एकात धुण्याचा सोडा विरघळवलेले पाणी. दिसायला सगळे सारखे. हे पाणी प्यायचे नाही आणि तास संपल्यावर हात धुवायचे, हे आधी सांगा. प्रत्येकाने एक जोडीदार शोधायचा, दोघांचे पाणी एकत्र करायचे आणि पुन्हा निम्मे निम्मे वाटून घ्यायचे. जोडीदाराचे नाव वहीत लिहायचे. अशा तीन फेऱ्या, दर वेळी नवा जोडीदार. मग शिक्षकांनी प्रत्येक पेल्यात हळदीचे पाणी घालावे. सोडा पोहोचलेले पेले लालसर होतात, बाकीचे पिवळे राहतात. एका पेल्यापासून तीन फेऱ्यांत आठ पेल्यांपर्यंत सोडा जाऊ शकतो, पाच फेऱ्यांत सगळ्या बत्तीस. साथ दुपटीने कशी वाढते हे मुलांना आयुष्यभर पुन्हा सांगावे लागणार नाही.

खरे शिक्षण यापुढे आहे. वह्यांतल्या नोंदी फळ्यावर मांडा आणि सुरुवात कोणापासून झाली ते मुलांनाच शोधू द्या. शोध बहुधा पहिल्या फेरीतल्या एका जोडीपाशी येऊन थांबतो, कारण त्या दोघांत आधी कोणाकडे सोडा होता हे नोंदींवरून सांगता येत नाही. ज्याच्या हातात तो पेला होता त्यालाही ते माहीत नव्हते. साथीत गुन्हेगार शोधायचा नसतो, साखळी शोधायची असते, हे मुलांना इथे उमगते. मग खेळ पुन्हा खेळा, पण या वेळी निम्म्या मुलांचे पेले झाकलेले ठेवा, ते जोडीदार शोधतील, पण कोणाशी पाणी बदलणार नाहीत. लाल पेल्यांची संख्या घटते आणि ज्यांचे पेले उघडे होते त्यांतलेही काही वाचतात. लस स्वतःबरोबर दुसऱ्याचेही रक्षण करते, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

एवढा पाया झाला की प्रत्येक रोगाला तेच तीन प्रश्न विचारायचे : हा बाहेर कुठून पडतो, प्रवास कशातून करतो, शरीरात कुठून शिरतो? क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि श्वासातून शिरतात. म्हणून खिडकी उघडायची, खोकताना तोंड झाकायचे आणि औषधे मध्येच न सोडता पुरी घ्यायची. ताट-वाटी वेगळी करून रुग्णाचे मन मात्र दुखावते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, तेव्हा हा प्रश्न कुठल्याही वर्गापासून दूर नाही. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचा धोका उरत नाही. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत 2019 पर्यंत टिकून होते. औषध सापडल्यावरही अज्ञान किती वर्षे जगते, याचा हा पुरावा आहे.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, हे मान्य. पण हा नवा विषय नाही, असलेलाच पाठ वेगळ्या रीतीने शिकवायचा आहे. परीक्षेत ‘जोड्या लावा’च्या जागी एक प्रश्न यावा : तुमच्या वस्तीत एकाच आठवड्यात दहा जणांना जुलाब झाले, तर तुम्ही आधी काय तपासाल आणि का? हा प्रश्न आला की शिकवणे आपोआप बदलेल, कारण आपल्याकडे परीक्षा बदलल्यावाचून वर्ग बदलत नाही.

शिक्षकांनी हा तास पावसाळ्याआधी घ्यावा. मुख्याध्यापकांनी गावातल्या आशाताईंना किंवा आरोग्यसेवकाला त्या दिवशी वर्गात बोलवावे. आणि पालकांनो, मूल घरी येऊन पिंप घासायला सांगेल, आजारी माणसाचे ताट वेगळे का ठेवले म्हणून विचारेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. पुढच्या साथीत आपल्या घराचे शहाणपण त्या प्रश्नावर अवलंबून असेल.