शेजारणीने प्रसाद नाकारला तर

मैत्रिणींनो, सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन तुम्ही हौसेने शेजारी जाता आणि शेजारीण हात जोडून ‘नको’ म्हणते. राग येतोच की! पण अबोला धरण्याआधी ती महानुभाव पंथाची तर नाही ना, एवढे बघा. आपल्या नाशिकच्या बाजूला या पंथाचे मठ आहेत, घरे आहेत. उपदेश घेतलेली माणसे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पाचांखेरीज दुसऱ्या देवतेला भजत नाहीत. मांस-मद्य वर्ज्य, हिंसा वर्ज्य. प्रसाद नाकारणे हा त्या नेमाचाच भाग. त्यात तुमचा अपमान कुठे आला?

अमेरिकेत आमिश लोक असेच साधे कपडे घालून, युद्धात शस्त्र न उचलता आपल्या रीतीने राहतात आणि बाहेरचे त्यांच्याकडे टकमका बघतात. आपण तर त्याहून पुढे गेलो. महानुभावांचे ‘मानभाव’ केले, ढोंगी माणसाला ‘मानभावी’ म्हणू लागलो, आणि ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण अजून तोंडी आहे. त्या घरातले पोर आपल्या पोराबरोबर एकाच गल्लीत वाढते, हो! त्याच्या कानावर हा शब्द पडला तर काय वाटत असेल?

या माणसांचे आपल्यावर, विशेषतः आपल्या बायकांवर, किती ऋण आहे म्हणून सांगू! तेराव्या शतकात चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाची वाट मोकळी केली. विटाळ त्यांनी मानला नाही. नाकातून पाणी यावे तसाच तोही देहधर्म, असे त्यांचे म्हणणे म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात आहे. हा ग्रंथ सुमारे १२७८ चा. आणि आपल्यातल्या कित्येक घरांत अजून चार दिवस बाजूला बसवतात! त्यांच्याच शिष्या महदाइसा या मराठीतल्या आद्य कवयित्री. रिद्धपूरला गोविंदप्रभूंपुढे त्यांनी धवळे गायिले, म्हणजे आपली लग्नातली गाणीच. पुढे पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या, म्हणून बाहेरच्यांना शतकानुशतके त्यांतले काही कळलेच नाही. गैरसमज वाढायला तेवढे पुरे झाले.

तर आता काय करायचे? मुलांसमोर तो शब्द टाळा. घरी पूजा असेल तेव्हा तिला प्रसादाचा आग्रह नको. एरवी एखाद्या दुपारी चहा-चिवड्याला हाक मारा. तिने ‘दंडवत प्रणाम’ म्हटले, तर तुम्हीही म्हणा. आणि तिच्या घरी महदाइसेचे धवळे असले, तर वाचायला मागून आणा.