कसोटी आधी, आज्ञावली मागाहून

संगणकाचा तास हा पाठांतराचा आणखी एक तास होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, कोडिंगला स्थान दिले आणि पालकांच्या मनात मोठी आशा निर्माण झाली. हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत सफाईला आणि पहाऱ्यावर जाणाऱ्या आईवडिलांना, आपले मूल तेथेच संगणकापुढे बसावे असे वाटणे रास्तच आहे. परंतु फळ्यावरची आज्ञावली वहीत, वहीतली संगणकात आणि पडद्यावर काही उमटले की शिक्षकांची बरोबरची खूण, एवढ्यावर ती आशा फळास येणार नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. पायथॉन ही भाषा मी मुलांच्या शेजारी बसूनच शिकलो. त्यामुळे येथे जे मांडतो आहे ते तज्ज्ञाचे मत नव्हे. वसतिगृहाच्या सायंकालीन अभ्यासिकेत जे पाहिले त्यावरून बनलेले मत आहे.

लूपचा सराव आपण पाढ्यांवर घेतो. मुलांना तो लवकर कंटाळवाणा होतो. म्हणून एकदा भोजनगृहाचा हिशेब दिला. रोजच्या हजेरीवरून महिन्याचा तांदूळ काढायचा. माणशी ३०० ग्रॅम, दिवस ३०. आज्ञावली सुरेख चालली, आकडाही आला. पायथॉनमध्ये १ ते ३० अशी मर्यादा दिली की लूप २९ वरच थांबतो, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही. मग सांगितले, रोज १२० मुले जेवतात असे धरा आणि उत्तर आधी कागदावर काढा. दिवसाला ३६ किलो, महिन्याला १,०८० किलो. संगणक म्हणाला १,०४४. शेवटच्या दिवशी सगळे वसतिगृह उपाशी! हसे झाले, पण ती चूक पुन्हा कुणाकडून झाली नाही.

कागदावर आधी काढलेले ते १,०८० म्हणजेच चाचणी. फंक्शन हा आज्ञावलीचा एक स्वतंत्र तुकडा. त्याला अमुक दिले तर तमुक परत मिळालेच पाहिजे, असे लिहून ठेवायचे आणि प्रत्येक बदलानंतर संगणकाकडूनच पडताळून घ्यायचे. यालाच युनिट टेस्टिंग म्हणतात. त्यासाठीची साधने पायथॉनसोबतच येतात. वेगळा खर्च नाही, इंटरनेटचीही गरज नाही.

याहून गंभीर उदाहरण शिष्यवृत्तीचे. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. पायथॉनमध्ये फंक्शनचे नाव देवनागरीत ठेवता येते; मुलांनी ते ‘पात्र’ असे ठेवले. एकाने अट लिहिली : उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी असेल तर पात्र. वाचायला ती ठीक वाटते. पण तहसीलदारांच्या दाखल्यावर नेमके २,५०,००० लिहिलेले असेल तर? नियमाने ते कुटुंब पात्र आहे. या फंक्शनने ते अपात्र ठरते. २,४९,९९९, २,५०,००० आणि २,५०,००१ या तीन चाचण्या लिहिल्या असत्या तर एका चिन्हाची ती चूक तत्क्षणी उघडी पडली असती. रकाना रिकामा राहिला तर काय, रकमेत स्वल्पविराम टाकला तर काय, हे प्रश्न मुलांनी पुढे आपणहून काढले. ज्यांच्या घरी असे अर्ज भरले जातात, त्या मुलांना हे प्रश्न सुचतात. इतरांना ते सुचतीलच असे नाही. आपली मुले या क्षेत्रात हवीत याचे पगारापलीकडचे हे एक कारण.

एक पळवाट मात्र सांगितली पाहिजे. मुले हुशार असतात. आधी फंक्शन चालवतात, आलेले उत्तर पाहतात आणि तेच चाचणीत ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून उतरवतात. मग चाचणी उत्तीर्ण होणारच. कसोटी जिची घ्यायची त्या वस्तूकडूनच कसोटी उसनी घेतली, तर तिला कसोटी म्हणता येत नाही.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच पेच सोडवला आहे. तथागतांची वचने भाणकांच्या मुखोद्गत परंपरेतून आली, त्यांत विपर्यास शिरला. मग अस्सल कोणते? केवळ ग्रंथात आहे म्हणून त्यांनी काही स्वीकारले नाही. वचन बुद्धीला आणि तर्काला धरून आहे का, मानवाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे का, असे निकष त्यांनी ठरवले आणि वचने त्यांवर तपासायला सांगितले. निकष वचनाच्या बाहेरचा होता. सातवीच्या मुलाला हे तत्त्व तांदळाच्या हिशेबातून कळते, याचे मला अप्रूप वाटते.

आणि निकष कोणाच्या हाती, हा पुण्यात काही नवा प्रश्न नाही. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणेसाठी विद्वत्तेची पारख होई, ती ब्राह्मणांपुरती. फुले दांपत्याच्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा झाली तेव्हा ती पाहायला याच शहरात गर्दी लोटली. पारख उघडपणे झाली की ‘यांना येत नाही’ असे म्हणणाऱ्यांची अडचण होते.

काही पालक म्हणतात, चाचण्या लिहिण्यात वेळ जातो, त्यापेक्षा आणखी एखादी भाषा शिकवा, प्रमाणपत्र मिळेल. मला ते पटत नाही. आज संगणक सांगेल तसे फंक्शन स्वतःच लिहून देतो. ते बरोबर की चूक हे ठरवणारा माणूस उद्या अधिक लागेल. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे आज्ञावली निर्दोष झाली असे नव्हे, हेही मुलांना सांगावेच लागते. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी ही मर्यादा फार पूर्वी दाखवून दिली आहे. आपल्याकडे प्रत्येकाला संगणक नाही ही उणीव आहेच, पण येथे ती थोडी उपयोगीही पडते : एकाने फंक्शन लिहावे, दुसऱ्याने त्याच वेळी, फंक्शन न पाहता, कागदावर चाचण्या लिहाव्यात.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअर क्षेत्रात आहेत त्यांनी जुने संगणक जरूर द्यावेत. पण त्याआधी महिन्यातला एक रविवार द्यावा. व्याख्यान नको. मुलांची फंक्शने पुढ्यात घ्या आणि ज्यांवर ती कोसळतील अशा चाचण्या लिहा. अभ्यासिका सकाळी दहाला उघडते आणि दुपारचे जेवण मुलांसोबत आहे.