देशोदेशी : छपरावरच्या काळ्या टाक्या

जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅलेस्टिनी घर ओळखणे फारसे अवघड नाही. छपरावर पाण्याच्या काळ्या टाक्या दिसल्या, की ते घर पॅलेस्टिनी कुटुंबाचे असे समजावे. एक नव्हे, दोन-दोन, तीन-तीन टाक्या. समोरच्याच टेकडीवरील इस्रायली वसाहतीला त्यांची गरज भासत नाही, कारण तेथे नळाला पाणी असते. बेथलेहेम किंवा हेब्रॉनच्या गृहिणीला मात्र उन्हाळ्यात पाण्याची वाट कधी आठवडा, तर कधी त्याहूनही अधिक दिवस पाहावी लागते. नळ आला, की धुणी-भांडी, अंघोळी उरकायच्या आणि टाक्या काठोकाठ भरून ठेवायच्या. पुरले नाही, तर दामदुप्पट देऊन टँकर मागवायचा.

ही टंचाई काही निव्वळ निसर्गाची नव्हे. रामल्ला शहरात वर्षाकाठी जवळजवळ लंडनइतका पाऊस पडतो. मग पाणी जाते कुठे?

याचे उत्तर १९६७ सालात सापडते. त्या वर्षीच्या जून महिन्यातील युद्धात इस्रायलने हा प्रदेश जिंकला आणि नोव्हेंबरात १५८ क्रमांकाचा लष्करी हुकूम काढला. लष्कराच्या परवान्याविना विहीर, पंप वा पाण्याची कोणतीही नवी सोय करण्यास त्याने मनाई केली. १९८२ मध्ये पाणीपुरवठ्याची यंत्रणा 'मेकोरोत' या इस्रायली सरकारी कंपनीकडे गेली. १९९५ च्या करारात डोंगराखालच्या सामाईक जलसाठ्याचा सुमारे पाचांतला एकच हिस्सा पॅलेस्टिनींच्या वाट्याला आला. ही व्यवस्था पाच वर्षांपुरती होती, पण तीच पुढे कायम राहिली. आज पॅलेस्टिनींना आपल्याच जमिनीखालचे पाणी त्या कंपनीकडून विकत घ्यावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दररोज १०० लिटर पाण्याची शिफारस करते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१७ साली दिलेला पॅलेस्टिनींचा सरासरी आकडा होता ७३ लिटर. काही वस्त्यांत तर जेमतेम २० लिटर! आपण करारात ठरल्यापेक्षा जास्तच पाणी देतो, गळती आणि बेकायदा विहिरी हाच खरा दोष, असे इस्रायलचे म्हणणे आहे. गळती आहे, हे खरे. पण पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे ६० टक्के भागावर इस्रायलचाच पूर्ण ताबा आहे आणि तेथे नवी जलवाहिनी टाकायची तर परवाना त्यांचाच लागतो. पावसाचे पाणी साठवणारे हौद बिनपरवाना म्हणून पाडले गेल्याची उदाहरणे तेथे कमी नाहीत.

पाण्याचे तेच शेतीचे, घराचे आणि रोजगाराचे. या निर्बंधांमुळे पॅलेस्टिनी अर्थव्यवस्थेला वर्षाला सुमारे ३.४ अब्ज डॉलर्सचा फटका बसतो, असा अंदाज जागतिक बँकेने २०१३ मध्ये मांडला होता. इस्रायलमध्ये बांधकामावर राबणाऱ्या लाखाहून अधिक मजुरांची रोजी ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध भडकताच एका फटक्यात बुडाली. त्यांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी २०२४ मध्ये रोहतक, लखनौ आणि पुढे पुण्यातही गवंडी-सुतारांच्या चाचण्या झाल्या. एका घरची चूल विझली, तेव्हा दुसऱ्या देशातल्या गरजू घराला पासपोर्ट मिळाला. यात त्या भारतीय कामगाराचा दोष नाही, पण या व्यवहाराची दुसरी बाजू विसरूनही चालणार नाही.

आर्थिक व सामाजिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याला इस्रायलने १९९१ मध्ये मान्यता दिली आहे. तो व्याप्त प्रदेशाला लागू नाही, हा त्याचा दावा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये अमान्य केला. १९ जुलै २०२४ रोजी तर या न्यायालयाने आपल्या सल्लावजा मतात तो ताबाच बेकायदा ठरविला आणि तेथील नैसर्गिक संपत्तीच्या वापरावरही ठपका ठेवला.

निकाल कागदावर आला, पण नळाला पाणी आले नाही. पाणी, काम, घर हे हक्क असतील, तर ते कुणाच्या मर्जीवर कसे अवलंबून राहतील? छपरावरची टाकी वाजवून किती पाणी उरले याचा अंदाज घेणाऱ्या त्या गृहिणीला जगाने याचे उत्तर द्यायला हवे.